मुक्तिधाम उघडं होतं: नाशिकरोडच्या एका निवृत्त जोडप्याचा जानेवारी २०२२

काका ७१ वर्षांचे, काकू ६७ च्या. काका २०१० मध्ये प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. नोटा आणि पासपोर्ट छापणाऱ्या सरकारी छापखान्यांवर इथली कितीतरी घरं उभी राहिली आहेत. पेन्शन वेळेवर येते. जेलरोडला तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट आहे. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळुरूला. काकांना बऱ्याच वर्षांपासून रक्तदाब, त्याची एक गोळी रोज. काकूंचे गुडघे सोडले तर दुखणं असं काही नाही. घरावर कर्ज नाही, सुनेशी-जावयाशी वाकडं नाही. समुपदेशकाला बोलवावं असं या घरात वरवर पाहता काहीच नव्हतं.

ज्येष्ठ नागरिकांशी फोनवर बोलायचं आणि गरज पडली तर घरी जायचं, हे माझं काम. संक्रांतीच्या सुमारास या घरातल्या मुलीचा फोन आला. "आई बोलतच नाहीये. कशी आहेस विचारलं की 'बरी आहे, बाबांना देते' म्हणते आणि फोन देऊन मोकळी होते. बाबा दिवसातून दहा-दहा वेळा बीपी मोजतात. आईला डिप्रेशन आलंय का, एवढं बघाल का?"

दोघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

आधीचा दिवस कसा होता

घरातली अडचण कळायला आधीचा दिवस कळणं गरजेचं होतं, म्हणून पहिल्या भेटीत मी आजाराचं काहीच विचारलं नाही. 'करोनाचे हे नवे निर्बंध यायच्या आधी सकाळी उठून काय काय करायचात?' एवढंच विचारलं. काकू तेव्हा पहिल्यांदा सलग बोलल्या.

काका साडेसहाला दुर्गा उद्यानाकडे फिरायला जायचे. फिरून झालं की बाहेर चहाच्या टपरीवर सात जणांचा कट्टा. सगळे प्रेसमधलेच. कोण कुठल्या शिफ्टला होता, कुणाचा ओव्हरटाइम कुणी खाल्ला, हे विषय निवृत्तीला दहा वर्षं उलटली तरी संपत नाहीत. काका घरी यायचे नऊच्या पुढे. तोवर घर काकूंचं. रेडिओ लावायचा, पूजा आपल्या गतीने करायची, भाजी चिरता चिरता मध्येच थांबून खिडकीत उभं राहायचं. दहाला कामवाल्या मावशी यायच्या. त्यांच्याशी अर्धा तास गप्पा हा कामाचाच भाग.

संध्याकाळी पाचला पाळी उलटायची. काकू शेअर रिक्षाने बिटको चौकात, तिथून पायी मुक्तिधाम मंदिरात. दोन मैत्रिणी, थोडं भजन, येताना भाजी. साडेसातपर्यंत घर काकांचं. मोठ्या आवाजात बातम्या, शेंगदाणे, टीपॉयवर पाय.

म्हणजे दिवसातले चार-पाच तास दोघं एकमेकांपासून लांब असायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "हे रिटायर झाले तेव्हा पहिलं वर्षभर आम्ही नुसते भांडत होतो. मग हळूहळू बसलं सगळं." अकरा वर्षांत बसलेली ही घडी जानेवारीत आठवडाभरात विस्कटली.

निर्बंध नेमके कोणते

इथे जरा थांबून सरकारी नियम पाहायला हवेत, कारण घरातले सगळेच 'लॉकडाऊन' म्हणत होते आणि ते तितकंसं खरं नव्हतं.

ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा राज्य सरकारने १० जानेवारी २०२२ पासून नवे निर्बंध लावले. पहाटे ५ ते रात्री ११ या वेळात पाच किंवा अधिक जणांनी एकत्र फिरायचं नाही. रात्री ११ ते पहाटे ५ अत्यावश्यक कारणाशिवाय बाहेर पडायचं नाही. लग्नाला ५०, अंत्यविधीला २० माणसं. शाळा-कॉलेजं बंद, किल्ले आणि पर्यटनस्थळं बंद. दुकानं मात्र सुरू होती, बस-रिक्षा सुरू होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला उघडलेली मंदिरंही उघडीच होती.

मार्च २०२० च्या टाळेबंदीपुढे हे काहीच नव्हतं. पण २०२० मध्ये या घरात मुलगा, सून आणि नात सुट्टीला आले होते ते इथेच अडकले. घर भरलेलं होतं. काकू तो काळ आजही हसत सांगतात. जानेवारी २०२२ मध्ये नियम सैल होते आणि घरात मात्र दोघंच.

नियम तीन ठिकाणांहून येत होते. पहिले सरकारचे. दुसरे सोसायटीचे: संक्रांतीला पोरं पतंग उडवायला गर्दी करतील म्हणून गच्चीला कुलूप, किल्ली चेअरमनकडे. तिसरे मुलांचे, आणि सगळ्यात कडक तेच. मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगायचा: बाबांचं फिरणं बंद, आईचं मंदिर बंद, मावशींना पगार देऊन घरी बसवा, भाजी-दूध-औषधं मी इथून मागवतो, वीजबिल मी भरतो. लसीचा तिसरा, म्हणजे बूस्टर डोस होईपर्यंत कुणीही जिना उतरायचा नाही.

त्याचा राग करण्यात अर्थ नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये रुग्णालयातल्या टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, ती बातमी त्याने बंगळुरूत बसून दिवसभर पाहिली होती. त्याच महिन्यात बाबांच्या कट्ट्यातले दोघं गेले. तेव्हा नऊ होते, त्याचे सात झाले. लांबच्या मुलाच्या हातात फोन आणि पैसा एवढंच असतं, त्यातून जे करता येईल ते तो करत होता.

पण त्या सोयींचा हिशोब घरात कसा उतरला ते पाहा. बिल, बँक, दूध, औषधं ही काकांची कामं. ती सगळी मोबाइलवर गेली आणि काकांना दिवसभर करायला काही उरलं नाही. झाडू, फरशी, भांडी ही मावशींची कामं. ती काकूंवर आली. मुलांनी दोघांचीही काळजी घेतली. बाबांचं काम काढून घेतलं आणि आईचं दुप्पट केलं. फोनवर हे दिसत नव्हतं, कारण फोनच्या वेळी दोघंही सोफ्यावर शेजारी बसलेले असायचे.

थंडी आणि ऑक्सिमीटर

जेलरोडचा हा फ्लॅट उत्तरमुखी. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे बाल्कनीत उन्हाचा कवडसाही येत नाही. निफाडला पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या, या बातम्या नाशिककरांना दर जानेवारीत पाठ असतात. पण सकाळी आठला बाहेर उन्हात उभं राहता आलं की थंडीचं काही वाटत नाही. या दोघांचं ते ऊनच गेलं होतं. काकूंचे गुडघे धरायला लागले. काका स्वेटर, कानटोपी, शाल गुंडाळून खुर्चीत बसायचे आणि बीपीचं मशीन मांडीवर घ्यायचे.

बीपीची वही मी मागून घेतली. दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने पाडलेले, प्रेसमध्ये आयुष्यभर रजिस्टर लिहिलेल्या माणसाचं अक्षर. सकाळी १३८, वीस मिनिटांनी १४६, पुन्हा १५२. आकडा वाढला की घाबरून परत मोजायचे आणि घाबरल्याने आकडा आणखी वाढायचा. 'मोजता कसं, दाखवा,' म्हटल्यावर कळलं की थंडी वाजते म्हणून पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच बांधला जात होता, आणि तोही चहा पिता पिता. जाड कपड्यावरून घेतलेलं मोजमाप भरवशाचं नसतं. बाही काढून, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पाच मिनिटं गप्प बसून मग मोजायचं. मधे मिनिटभर जाऊ देऊन दुसऱ्यांदा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. थंडीत रक्तदाब तसाही थोडा चढा राहतो, हेही त्यांना सांगितलं. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी वही पाहून गोळी बदलली नाही.

ऑक्सिमीटरचा प्रसंग माझ्या पहिल्या भेटीच्या आधीचा. पहाटे साडेपाचला काकूंना खोकला आला. काकांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ८८. दुसऱ्या बोटाला ८६, मग नुसत्या रेघा. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना, हे दुसऱ्या लाटेत सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. काकांनी मुलाला फोन लावला, मुलाने बहिणीला, बहिणीने ॲम्ब्युलन्सचे नंबर शोधायला घेतले. अर्धा तास हा गोंधळ चालला होता. काकू तोवर उठल्या, गॅस पेटवला, चहा टाकला आणि पातेल्यावर हात शेकत उभ्या राहिल्या. चहा घेऊन झाल्यावर "आणा ते परत" म्हणाल्या. ९७.

त्यात काही चमत्कार नाही. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मशीनला नाडी नीट सापडत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. आधी हात चोळून गरम करायचे, बोट स्थिर ठेवायचं, नाडीची पट्टी एकसारखी हलायला लागली की मगच आकडा वाचायचा. नखाला गडद रंग असेल तर तोही काढायचा. हे त्या डबीवरच्या कागदात असतंही, पण तो कागद कोण वाचतो!

त्या पहाटेनंतर मुलांचे नियम आणखी कडक झाले. काकूंनी फोनवर बोलणं थांबवलं तेही त्याच दिवसापासून. मुलीच्या मनात या दोन गोष्टींचा संबंध आला नव्हता. काकूंनी मला तो एका वाक्यात सांगितला: "मी खोकले तरी चौघांची मीटिंग होते, मग बोलायचं कशाला?"

हे नैराश्य होतं का

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं. वृद्धांमधल्या नैराश्यासाठी पंधरा प्रश्नांची एक प्रचलित चाचणी आहे, जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल. पाचाच्या वर गुण गेले तर पुढे तपासणी करावी, असा साधारण संकेत. काकूंचे गुण पाच आले, म्हणजे अगदी उंबरठ्यावर.

पण त्यातले दोन गुण कशाचे होते ते पाहायला हवं. 'तुम्ही तुमच्या बऱ्याचशा आवडीच्या गोष्टी सोडून दिल्या आहेत का?' हो. 'बाहेर पडून काही नवं करण्यापेक्षा घरीच राहणं पसंत करता का?' यावर काकू हसल्या. "पसंत करते म्हणजे? विचारलंय कुणी?" तरी शेवटी "हो लिहा" म्हणाल्या. ज्या माणसाला जिना उतरायला बंदी आहे त्याच्यासाठी हे प्रश्न नाहीतच. उरलेल्या उत्तरांत निराशा कमी आणि राग जास्त होता. झोप ठीक, जेवण ठीक. भोगीची भाजी यंदाही झाली होती, हरभरा-बोरं-गाजर-पावटा सगळं घालून, शेजारणीकडे वाटी पोचवून. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरवलं.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवलं. लता मंगेशकर करोनामुळे ब्रीच कँडीत दाखल असल्याची बातमी ११ जानेवारीला आली होती. काकू रोज सकाळी पेपरमध्ये आधी ती बातमी शोधायच्या. ९२ वर्षांच्या बाईच्या तब्येतीवर त्या स्वतःचंही काहीतरी जोखत होत्या. काका म्हणायचे, "अगं, नको वाचूस ते." त्या वाचत राहिल्या.

दोन रकाने

चौघांना एकत्र व्हिडिओ कॉलवर बसवलं. मी एका कागदावर दोन रकाने पाडायला सांगितले, एका बाजूला सरकारची बंदी, दुसऱ्या बाजूला घरची. लिहायचं काम अर्थातच काकांकडे.

काकांच्या वाट्याची सरकारी बंदी एकच निघाली: कट्टा. सात जण एकत्र बसायचे नाहीत. मुक्तिधाम, भाजी, मावशी, जिना, गच्ची, यातलं एकही सरकारी रकान्यात बसेना. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण बूस्टर होईपर्यंत तरी..."

खरी गाठ इथेच होती. १० जानेवारीपासून साठीच्या पुढच्यांपैकी सहव्याधी असलेल्यांनाच बूस्टर, सरकारी भाषेत प्रिकॉशन डोस, सुरू झाला होता, तोही दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झाल्यावर. काकांना रक्तदाब. त्यांचा दुसरा डोस मे २०२१ च्या सुरुवातीचा, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते पात्र होणार होते. काकूंना कुठलीच सहव्याधी नाही. त्यांच्यासाठी तारीखच नव्हती. 'डोस होईपर्यंत बाहेर नाही' या नियमात आजारी माणूस तीन आठवड्यांनी सुटणार होता आणि धडधाकट माणूस कधीच नाही. हे मी बोलून दाखवायच्या आधी काकूच म्हणाल्या, "म्हणजे मला एखादा रोग झाला असता तर बरं झालं असतं." मुलीला हसू आवरेना. मुलगा हसला नाही, पण त्यानंतर त्याने बूस्टरचं नाव काढलं नाही.

त्याची भीती तशीच ठेवून काय उघडता येईल, यावर बोललो. बंद जागा टाळायची, मोकळ्या जागेत जायचं, मास्क नाकावर. मंदिरात गर्दी नसते तेव्हा, दुपारी चारच्या सुमारास, सभामंडपात न बसता आवारात. शेअर रिक्षाऐवजी एकटीसाठी रिक्षा, त्याचे पैसे मुलाने द्यायचे; हे कलम काकूंनी स्वतः घातलं. मावशींच्या घरी तेव्हा सगळ्यांना ताप होता. त्या बऱ्या होऊन आठवडा उलटला की यायचं, दोघींनी मास्क लावायचा, खिडक्या उघड्या.

कट्ट्याचा प्रश्न काकांनी सोडवला. पाच किंवा अधिक नकोत ना, मग चार आणि तीन. फर्स्ट शिफ्ट सातला, सेकंड शिफ्ट साडेआठला. प्रेसमधल्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नाही. कोण कुठल्या शिफ्टला यावरून मात्र दोन दिवस फोन चालू होते.

गच्चीला वेळ लागला. चेअरमनचं म्हणणं, एकाला किल्ली दिली की सगळे मागतील. मागू द्या, असं काकू म्हणाल्या आणि गुडघे धरत स्वतः त्यांच्या दारात गेल्या. शेवटी प्रत्येक घराला ठरावीक वेळ मिळाली. या घराला साडेदहा ते साडेअकरा, भर उन्हाची. मला वाटलं दोघं एकत्र जातील. काकूंनी सांगितलं, "पहिला अर्धा तास माझा. त्यांनी अकराला यायचं." हा अर्धा तास त्यांनी रेडिओ नेऊन ऐकला, कधी गव्हल्या करत बसल्या, कधी नुसत्या बसल्या. मी सुचवलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा त्यांनी स्वतः मागून घेतलेला हा अर्धा तास जास्त कामाला आला, असं माझं मत आहे.

काय जमलं, काय नाही

स्वयंपाकघरातली वाटणी अर्धवटच जमली. काकांनी सकाळचा चहा आणि भाज्या निवडणं घेतलं. मेथी निवडताना त्यांनी देठ आणि पानं वेगळी करायची पद्धत बसवली, त्यात तास जायचा आणि काकू शेवटी वैतागून उरलेली जुडी ओढून घ्यायच्या. भांड्यांना त्यांनी हात लावला नाही. मावशी परत आल्या त्या दिवशी निवडणंही सुटलं, चहा तेवढा राहिला.

वहीतल्या नोंदी दिवसाला दोनवर आल्या. काका मधूनच तिसरी घेतात, ती वहीत लिहीत नाहीत, हे काकूंनी मला गुपचूप सांगितलं.

दोन आठवड्यांनी काकूंची चाचणी पुन्हा घेतली, गुण दोन आले. मला त्या आकड्यापेक्षा ६ फेब्रुवारीचा फोन महत्त्वाचा वाटतो. लताबाई गेल्या त्या दिवशी मुलीने घाबरतच फोन लावला, आईला धक्का बसला असेल म्हणून. काकू बराच वेळ बोलल्या. लग्नाआधी गावात रेडिओ एकाच घरी होता, तिथे बाहेर ओट्यावर बसून गाणी कशी ऐकायचो, हे मुलीला पहिल्यांदाच कळत होतं. बाबांना फोन द्यायची वेळच आली नाही.

मुलाशी त्यांचं अजून पूर्ण मोकळं नाही. तो रोज सकाळी आकडे विचारतो, त्या आकडे सांगतात. यावर आणखी काम व्हायला हवं होतं, पण त्याने वेळ दिला नाही आणि काकूंनीही आग्रह धरला नाही.

काकांचा डोस फेब्रुवारीत ठरल्या वेळी झाला. साठीच्या वरच्या सगळ्यांना १६ मार्चपासून डोस खुला झाला तेव्हा काकू त्या आठवड्यातच एकट्या जाऊन घेऊन आल्या. तोवर त्यांचं मुक्तिधामला जाणं सुरू होऊन महिना उलटून गेला होता. १ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, राज्यातले करोना निर्बंध संपले आणि सातही जणांना टपरीवर एकत्र बसायची मुभा झाली. कट्टा मात्र अजून दोन शिफ्टमध्येच भरतो. सेकंड शिफ्टवाल्यांना उशिरा उठायची सवय लागली आहे आणि फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या मते त्यांच्याशिवाय गप्पा जास्त चांगल्या होतात.